पिकांची फेरपालट, औंध संस्थानाच्या प्रदेशातील

एकाच शेतात निरनिराळी पिके ठराविक क्रमाने आलटूनपालटून घेण्याच्या पद्धतीस पिकांची फेरपालट म्हणतात. आधीच्या पिकामुळे पुढील पिकासाठी जमिनीची जी अवस्था होते, तिला शेतकरी ‘बेवड’ म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला मानला जातो. फेरपालटीचा लाभ असा पुढील हंगामात मिळत असल्याने तिचा इतिहास जमिनीच्या धारणेशी आणि पाण्याशी निगडित आहे. औंध संस्थानाच्या प्रदेशात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

या संस्थानाची ७२ गावे सलग नव्हती. औंधचा भाग आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा भाग कर्नाटकात आहे. यांपैकी कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात असून औंध व आटपाडी हे अवर्षणप्रवण आहेत. कोरडवाहू हलक्या रानात खरिपात बाजरी व तिच्यात तूर, मटकी किंवा हुलगा यांची मिसळ आणि भारी रानात रब्बी ज्वारी, हरभरा व करडई ही येथील रूढ पिके होत. रब्बीसाठी ओल राखावी म्हणून भारी रान खरिपात पड ठेवीत. अशा प्रदेशात फेरपालटीने जमिनीच्या कसाइतकीच ओलीचीही काळजी घ्यावी लागते.

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात, हे हेलरीगेल व व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६–८८ मध्ये सिद्ध केले. इंग्लंडमधील नॉरफॉक पद्धतीत गहू, सलगम, सातू व क्लोव्हर यांचा चार वर्षांचा क्रम त्याआधीच रूढ होता. येथील कुणब्याचे ज्ञानही असेच अनुभवसिद्ध होते. पिकांच्या मुळांची खोली भिन्न असल्याने जमिनीच्या निरनिराळ्या थरांतील ओल व अन्नद्रव्ये वापरली जातात. शिवाय ज्वारीवर ज्वारी घेतल्यास टारफुला हे परोपजीवी तण बळावते. पीक बदलल्याने तण, कीड व रोग यांची साखळी तुटते.

परंतु पुढील वर्षी शेत आपल्याकडे राहील, ही खात्री नसलेले कूळ बेवडाचा विचार करील, अशी अपेक्षा धरता येत नाही. नगदी वा खंडाचे पीक दरवर्षी घेण्याकडेच त्याचा कल राहतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली राज्यघटना लागू करून गावचा कारभार निर्वाचित पंचायतींकडे सोपविला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंदिवानांची खुली वसाहत सुरू झाली. तेथील बंदिवान शेती करीत. जमीन हाती दिल्याने माणूस जबाबदार होतो, हा तिच्यामागील विचार होता. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून त्यांच्या मालकी हक्काचा मार्ग मोकळा केला.

धारणेचा प्रश्न असा हलका झाला, तरी पुढे पाण्याने नवा प्रश्न उभा केला. कुंडल परिसरात ऊस व द्राक्षे, तर आटपाडीकडे डाळिंब यांचा प्रसार झाला. टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणीही आटपाडीपर्यंत पोहोचले. उत्पन्न वाढले, पण फळबाग अनेक वर्षे जागा अडवते व उसाचा खोडवाही तेच रान व्यापतो. कृष्णाकाठी अतिरिक्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या, तर डाळिंबाच्या बागांना तेल्या व मर या रोगांनी ग्रासले. ऊस निघाल्यावर हरभरा, भुईमूग किंवा तागाचे हिरवळीचे खत घेणे, तसेच बाग काढल्यावर काही हंगाम इतर पिके घेणे, हे फेरपालटीचे आजचे रूप होय. निचऱ्याची जागा ते घेऊ शकत नाही. जमिनीचा पोत टिकविण्यास मात्र त्याची मदत होते. त्यासाठी एखाद्या हंगामाचे उत्पन्न सोडावे लागते. हा भार कोरडवाहू शेतकरी रान पड ठेवून पूर्वीपासून सोसत आला आहे.