सोंगट्यांचा पट आणि यंत्राची बुद्धी

श्रोतेहो, देवळाच्या ओट्यावर दगडात कोरलेला वाघबकरीचा पट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात गेला, की बकरी मेली. असाच उडी मारून सोंगटी मारण्याचा एक खेळ इंग्लंड-अमेरिकेत खेळतात. त्याला चेकर्स म्हणतात. पट बुद्धिबळाचाच, पण खेळायचं ते फक्त काळ्या ३२ घरांतून, तिरकं. दोघांच्या बारा-बारा सोंगट्या. पोरखेळच म्हणा ना! पण या पोरखेळाचा तळ गाठायला एका विद्वानाला १८ वर्षं लागली. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

या विद्येचा आरंभ जुना आहे. अमेरिकेत आर्थर सॅम्युएल यांनी १९५० च्या दशकात चेकर्स खेळणारं यंत्र तयार केलं. ते स्वतःशीच डाव खेळे आणि चुकांवरून शिके. १९६२ मध्ये त्यानं एका नावाजलेल्या खेळाडूवर एक डाव जिंकला आणि लोकांनी ठरवून टाकलं, चेकर्स संपलं! ती समजूत खोटी होती.

ती खोटी ठरवणारा माणूस म्हणजे मॅरियन टिन्सली. हे गणिताचे प्राध्यापक आणि चेकर्सचे जगज्जेते. चाळीसहून अधिक वर्षांत ते हरले ते जेमतेम सात डाव. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये 'चिनूक' नावाचं यंत्र-खेळाडू घडवायला घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच टिन्सली होते.

आता तुम्ही विचाराल, यंत्र खेळतं कसं? एक म्हणजे, मी ही चाल केली तर तो कोणती करील, मग मी कोणती, असं ते पुष्कळ पुढंवर पाहतं. दुसरं म्हणजे, पटावर कुणाचं पारडं जड आहे याला ते गुण देतं. आणि तिसरं फार महत्त्वाचं. पटावर थोड्याच सोंगट्या उरल्या, की कोणत्या मांडणीत कोण जिंकणार हे शेफरनी आधीच काढून ठेवलेलं होतं. आपण मुलांकडून पाढे पाठ करून घेतो ना, तसंच. मग यंत्राला तिथं विचार करावा लागत नाही. उत्तर तयारच असतं.

१९९० च्या एका डावात चिनूकनं दहावी चाल केली आणि टिन्सली लगेच म्हणाले, याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. शेफरना ते पटेना. यंत्राच्या हिशेबी सारं ठीक होतं. पण डाव गेला! पुढं पुष्कळ अभ्यासानंतर शेफरना दिसलं, की टिन्सलींचंच बरोबर होतं.

त्याच वर्षी चिनूकनं जगज्जेतेपदासाठी लढण्याचा हक्क मिळवला. संघटनांनी यंत्राला परवानगी नाकारली, तेव्हा टिन्सलींनी आपलं पदच सोडलं, पण खेळायचं सोडलं नाही. मग माणूस विरुद्ध यंत्र असा वेगळा सामना ठरला. १९९२ मध्ये लंडनला टिन्सली ४ डाव जिंकले, २ हरले, ३३ बरोबरीत सुटले. १९९४ मध्ये बॉस्टनला पुन्हा गाठ पडली. सहाही डाव बरोबरीत सुटले आणि टिन्सलींच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी माघार घेतली. दुखणं कर्करोगाचं निघालं. १९९५ च्या एप्रिलात ते वारले.

पद चिनूककडे गेलं खरं, पण शेफरच्या मनाला ती जीत लागेना. लोक म्हणत, टिन्सली धडधाकट असते तर? या प्रश्नाला उत्तर द्यायचं कसं? ज्याला हरवायचं, तो तर निघून गेला. एकच वाट उरली होती. खेळाचाच निकाल लावायचा.

चेकर्समध्ये शक्य असलेल्या मांडण्या पाचावर वीस शून्यं देऊन लिहाव्या लागतील, इतक्या. घाटातला बोगदा दोन्ही तोंडांनी खणत जावा, तसं शेफरनी काम केलं. एका बाजूनं शेवटाकडून मागं येत, दहा किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या ३९ लाख कोटी मांडण्यांचा निकाल काढला. दुसऱ्या बाजूनं आरंभापासून पुढं गेले. कधीकधी २०० पर्यंत संगणक या कामाला जुंपलेले असत. २००७ मध्ये दोन्ही टोकं जुळल्याचं त्यांनी जाहीर केलं. निकाल असा, की दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटणार. म्हणजे या यंत्राला टिन्सलीही हरवू शकले नसते. आणि टिन्सली अचूक खेळले असते, तर यंत्रालाही ते हरवता आले नसते.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक सुचवतो. फुली-गोळा मुलांना येतोच. फळ्यावर जवळजवळ भरलेली चौकट काढा आणि विचारा, इथून कोण जिंकेल? मग एकेक घर पुसत मागं या. दोघंही न चुकता खेळले तर त्यातही बरोबरीच होते, हे मुलं आपलं आपण शोधून काढतील. शेफरनी १८ वर्षं केलं ते याच जातीचं काम होतं, हे मग त्यांना सांगा.