मोडलेले बेत व केडगावची बाग

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इमारती, देणग्या व पूर्वीच्या धर्मगुरूंची सेवा यांची जंत्री इतरांनी दिलीच आहे. आम्ही प्रिय वाचकांस जरा निराळ्या वाटेने नेऊ इच्छितो. जेथे माणसाचे बेत मोडले, घडी विस्कटली, तेथे परमेश्वराचा चांगुलपणा दिसतो किंवा नाही, हे आपल्याच शिरूर-दौंडच्या इतिहासात शोधावे, असा आमचा हेतू आहे. 'देव करतो ते बऱ्यासाठी' असे आम्ही उपदेशपीठावरून कित्येकदा बोललो असू. परंतु एकदा, नुकतेच लेकरू पुरून आलेल्या एका मातेपुढे ते शब्द आमच्या तोंडून निघाले आणि तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून ते वाक्य सहज उच्चारण्याचे धैर्य आम्हास होत नाही.

आपला हा मुलूख मुळातच अवर्षणाचा. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. पण पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो व इकडे येईपर्यंत ढग कोरडे पडतात. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांची खते जाळली, व ते लोण शिरूर आणि भीमथडी या तालुक्यांत पसरले. आजचे दौंड तेव्हा भीमथडीतच मोडत असे. त्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा घोर दुष्काळ आला. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग याच काळातला. पोटासाठी कामावर आलेल्या दुष्काळग्रस्तांनी त्याचे मातीकाम केले व १८७८ साली त्यावरून गाडी धावू लागली. नगरकडे जाताना गाडी उशिरा सुटली म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा आपल्या पायाखालचा भराव भुकेल्या माणसांनी टोपल्याटोपल्यांनी घातलेला आहे, याची आठवण किती जणांस होते?

त्याच दशकात दूर मद्रास इलाख्यात अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक विद्वान ब्राह्मण, त्यांची पत्नी व थोरली कन्या ही उपासमारीने खंगून वारली. मागे राहिली ती धाकटी मुलगी रमा व तिचा भाऊ. हीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगास ठाऊक झाली. बाई आपल्या कॅथॉलिक मंडळीतील नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात. एके काळी अशा पुस्तिकेत त्यांचे नाव घेण्यास आमच्या वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी संकोच केला असता. आम्हास तो वाटत नाही.

रमाबाईंच्या आयुष्यात ठरवल्याप्रमाणे फारच थोडे घडले. विवाहानंतर दोन वर्षे होण्यापूर्वीच, १८८२ साली, पती पटकीने वारले. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आणले, तो १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून गदारोळ उठला, सल्लागारांनी अंग काढून घेतले व कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षेच साहाय्य देण्याचे कबूल केले होते. ती मुदत सरल्यावर सदन आपल्या पायावर उभे राहावे म्हणून बाईंनी केडगाव स्टेशनाजवळ जमीन घेतली. तेथे फळझाडे लावावी व उत्पन्नावर शाळा चालवावी, एवढाच साधा, हिशेबी बेत होता.

तोही बेत मोडला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पैसा हाती नसताना बाई तिकडे गेल्या व अनाथ मुलींना घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग शिरलेला. नव्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत, असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. शेकडो रोडावलेल्या पोरी न्यायच्या कोठे? बाग लावण्यासाठी घेतलेले रान होते, तेथे तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. फळझाडांसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले, व पुढच्या गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, आश्रितांची संख्या २००० च्या घरात गेली.

येथे आम्हास सावध राहिले पाहिजे. दुष्काळ हा देवाचा प्रसाद होता, असे म्हणणे म्हणजे मेलेल्यांची विटंबना होय. ज्या मुलींपर्यंत कोणीच पोहोचले नाही, त्यांचे काय, याचे उत्तर आमच्यापाशी नाही, व सेमिनरीतल्या कोणत्याही ग्रंथात आम्हास ते पुरतेपणी सापडले नाही. परंतु एवढे आम्ही म्हणतो: भुकेल्या पोरीचे डोळे बाईंनी पाहिले तेव्हा त्यांना ते ओळखता आले, कारण वीस वर्षांपूर्वी ते त्यांचेच होते. जुनी भूक वाया गेली नव्हती. देवाचा चांगुलपणा आम्हास दिसतो तो त्या ओळखीत.

आपल्या पुणे धर्मप्रांताचीही कथा फार वेगळी नाही. १८८६ साली स्थापन झालेला हा धर्मप्रांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी वाढवला. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तेच शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येकांना नजरकैद झाली, पुढे मायदेशी पाठवणी झाली. बिशप डोरिंग यांना तर कित्येक वर्षे आपल्या कळपाकडे परतताच आले नाही. १९२१ साली त्यांची नेमणूक थेट जपानात हिरोशिमा येथे झाली, व १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. मधल्या काळात इतर देशांच्या व एतद्देशीय धर्मगुरूंनी वेदी सांभाळली. तेव्हा सुन्या पडलेल्या मिशनात मिस्सेची वाट पाहणाऱ्या श्रद्धावंतांना यात कसलाही संकल्प दिसला नसेल, व आम्ही त्यांना दोष देत नाही.

असो. केडगावी परतू. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. जिच्या हाती सर्व सोपवायचे, तीच गेली. बाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला व १९२४ साली तो ग्रंथ मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवले ते त्या सदनाच्या आश्रयास आलेल्या स्त्रियांनी.