जुन्या मोटारीतील तुटलेला ‘कनेक्टर’
डहाणूलगतच्या मसोलीसारख्या किनारी भागात खाऱ्या हवेने मोटारीच्या वायरिंगमधील जोड लवकर गंजतात. एकेकाळी कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांना हा त्रास अधिक. १२ व्होल्टवर ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. जोडात केवळ ०.२ ओहम रोध वाढला, तरी सुमारे १ व्होल्ट वाया जातो; दिवा मंदावतो, जोड तापतो आणि आगीचा धोका संभवतो.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. हिरवट पडलेली वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी. तिच्या जाडीला साजेशी नवी पिन क्रिम्पिंग पक्कडीने घट्ट बसवून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये. अधिक क्षमतेचा फ्यूज तर मुळीच घालू नये.