मृगयेतील वयोमर्यादा

मृगयेतील वयोमर्यादा : हरणांच्या शिकारीत पूर्ण वाढ न झालेला नर टप्प्यात आला असताही त्यास सोडून देण्याचा संकेत व त्या संकेतातून पुढे झालेले कायदे. मादी व पाडस यांना अभय देण्याची चाल फार जुनी आहे. तरुण नरास वगळण्याची कल्पना मात्र तुलनेने अलीकडची असून तिचा उगम भूतदयेपेक्षा मोठ्या शिंगांच्या हौसेत अधिक आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना वासरू, वळू व दुभती मादी यांचा वध निषिद्ध ठरविला असून तो करणाऱ्यास ५० पण दंड सांगितला आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले अवध्य म्हटली आहेत. यांतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कौटिल्याने प्रजोत्पादक नराचेही रक्षण केले. आधुनिक शिकाऱ्याने नेमका तोच नर आपले भक्ष्य ठरविला.

सह्याद्रीच्या कोकण उतारावर, उदा., रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे व त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात, या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप चांगले दिसते. या पट्ट्यातील हरणांमध्ये सांबर हे सर्वांत मोठे. भेकर व पिसोरी ही लहान. पिसोरीस शिंगे नसतात, त्यामुळे तिच्या बाबतीत शिंगांवरून निवड करण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. भेकराची शिंगे आखूड असून लांब, केसाळ खुंटांवर येतात. दाट जाळीतून क्षणभर दिसणाऱ्या भेकराचे वय ओळखणे जवळजवळ अशक्य असते. वयाचा विचार खऱ्या अर्थाने संभवतो तो सांबराच्याच बाबतीत.

सांबराची शिंगे भरीव व शाखायुक्त असून सामान्यतः मार्चअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत गळून पडतात. पावसाळ्यात नवी शिंगे मखमलीसारख्या लवदार त्वचेखाली वाढतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे माजाच्या हंगामापूर्वी, कठीण होतात. काही वयस्क नर मात्र दरवर्षी शिंगे टाकीत नाहीत. पहिले शिंग एकेरी सुळक्यासारखे असते. त्यानंतरच्या शिंगास दोन टोके फुटतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून प्रत्येक शिंगास तीन, म्हणजे एकूण सहा, टोके येतात. पुढे हा आकडा सहसा वाढत नाही. त्यामुळे टोके मोजून कोवळा नर ओळखता येतो. पण चार वर्षांचा नर व दहा वर्षांचा नर यांतील भेद त्यावरून कळत नाही. त्यासाठी शिंगाच्या दांड्याची जाडी, बुडाशी असलेल्या कड्याचा खडबडीतपणा, मानेवरील आयाळीची दाटी, अंगाचा काळपट रंग व खांद्यांचा भरीवपणा यांकडे पाहावे लागते. तरुण नराचे पाय शरीराच्या मानाने लांब व पोट वर ओढलेले दिसते. अनुभवी शिकारी शिंगांआधी देह पाही, तो याच कारणासाठी.

ऋतूमुळेही फसगत होते. मे महिन्यात शिंगे गळलेला थोराड नर दुरून मादीसारखा भासतो, तर ऑगस्टमध्ये अर्धवट वाढलेली शिंगे बाळगणारा तोच नर कोवळा वाटतो. काळविटाच्या शिकारीत अशी अडचण नव्हती. हा प्राणी खरे तर हरीण नसून कुरंग होय. त्याचा नर सुमारे तीन वर्षांचा झाल्यावर गडद होऊ लागतो, त्यामुळे उघड्या माळावर वय रंगावरूनच कळते. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे.

शिंगांची लांबी बाहेरील वळणावरून इंचांत मोजण्याची पद्धत ब्रिटिश अमलात रूढ झाली. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या नोंदग्रंथांमुळे (१८९२ पासून) त्या इंचांना प्रतिष्ठा आली. ४० इंचांचे सांबरशिंग उत्तम गणले जाई. परंतु सर्वांत मोठी शिंगे मध्य भारतातील सांबरांची, सह्याद्रीतील त्या मानाने आखूड. सातपुड्यात कोवळा ठरणारा नर सह्याद्रीत पूर्ण वयाचा असू शकतो. म्हणून सर्व प्रदेशांना एकच माप लावणे मुळातच सदोष होते.

कोकणातील गावशिकारीत तर निवडीस वावच अल्प. हाकारे रान उठवीत, बंदूकवाले वाटा धरून बसत आणि जनावर बाहेर पडताच बार उडे. ठासणीच्या बंदुकीत दुसऱ्या बारास वेळ लागत असल्याने पहिली संधी सोडणे परवडत नसे. शिवाय भात-नाचणीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यास पिकात शिरलेल्या सांबराचे वय विचारात घेण्याचे कारण नव्हते. नासधूस तरुण नरही तेवढीच करतो. संयमाचा संकेत हा सवड व राखीव रान असलेल्यांचा संकेत होता, ही गोष्ट शिकारविषयक लेखनात सहसा मान्य केलेली आढळत नाही.

कायद्याने हा संकेत प्रथम १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमात उचलला. माद्या व अपक्व प्राणी यांच्यासाठी वर्षभर वा काही काळ शिकारबंदी जाहीर करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांस दिला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र जीपगाड्या व प्रखर विजेऱ्या रानात शिरल्या होत्या. रात्रीच्या झोतात प्रथम चमकतात ते डोळे; शिंगे दिसेपर्यंत बार झालेला असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने खास परवान्यावाचून पिले, माद्या व लवदार शिंगांचे नर मारण्यास मनाई केली. लवदार शिंगांविषयीच्या तरतुदीचा उपयोग दुहेरी होता : वाढीच्या काळात नरास विसावा मिळे आणि वयाची पारख करण्याचा अवघड प्रश्न त्या महिन्यांपुरता टळे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले व या तरतुदी निरर्थक ठरल्या.

अमेरिकेत हा विषय जिवंत आहे. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे दीड वर्षाचे नर मोठ्या संख्येने मारले जात व माद्या वाचत. परिणामी कळपांत प्रौढ नर दुर्मिळ झाले. पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये टोकांच्या संख्येवर आणि टेक्ससने त्याच वर्षी सहा परगण्यांत दोन शिंगांमधील १३ इंच आतील अंतरावर मर्यादा घातली. १३ इंच हे अंतर हरणाच्या ताठ कानांच्या टोकांमधील अंतराशी जुळत असल्याने दुरून अंदाज करता येतो. अशा मर्यादेचा दोष असा, की उत्तम वाढीचा तरुण नर ती लवकर ओलांडून मारला जातो व खुरटा नर वाचतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रानमेंढ्यांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मोठ्या शिंगांचे नर पिढ्यान्‌पिढ्या निवडून मारल्याने शिंगांचा आकार घटल्याचे आढळले. त्यातील आनुवंशिक घटीच्या प्रमाणाबद्दल पुढे मतभेद झाले.

भारतात शिंगांवरून वय ओळखण्याची विद्या शिकारीबरोबर लोपली नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९६३–६५ मध्ये कान्हा येथे हरणांचा अभ्यास करताना नरांची वर्गवारी शिंगांच्या अवस्थेनुसार केली. सांबर हे वाघाचे प्रमुख भक्ष्य असल्याने व्याघ्रक्षेत्रांतील गणनेत एकेरी, दुहेरी व पूर्ण शिंगांचे नर वेगळे नोंदविणे उपयुक्त ठरते. कळपात तरुण नर किती टिकतात हे त्यावरून कळते. सावर्ड्याच्या पूर्वेस घाटमाथ्यापलीकडे कोयना व चांदोली ही रक्षित वने असून २०१० मध्ये त्यांचा सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. सांबराची जाती २००८ पासून आंतरराष्ट्रीय सूचीत ‘असुरक्षित’ गणली जाते.