सोजीर आणि गाठ

परवा रिक्षाने गणेशखिंडीतून येताना भाचीने विचारलं, "मामा, रँडला मारलं का?" मी शाळेतलं उत्तर दिलं. प्लेग, जुलूम, चापेकर, २२ जून १८९७. "पण मग आजारी माणसांचं काय झालं?" यावर मात्र मला काही सांगता येईना. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. घरं तपासायला गोरे सोजीर नेमले. नेटिव्ह माणूस हे काम नीट, प्रामाणिकपणे करणार नाही, हा त्यामागचा हिशोब. म्हणजे रोगीही आपणच आणि अविश्वासू ठरलेलेही आपणच! गंमत म्हणजे सोजीर जमिनी उकरत, घर धूत, सामान जाळत होते, पण उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८ साली.

खरी अडचण वेगळीच होती. प्लेगची गाठ येते काखेत, नाहीतर जांघेत. बाईला ती आहे का, हे बघायचं कसं आणि बघायचं कुणी? त्यावरून जे झालं, किंवा झालं असं लोक सांगत होते, त्याची तक्रार करायची तर पुरावा हवा. पुरावा म्हणजे त्या बाईचं नाव. आणि नाव पुढे आलं की तिच्या घरात, जातीत तिचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात इस्पितळातल्या वागणुकीविषयी जाहीर पत्र लिहिलं. गोखल्यांनी विलायतेत दोन स्त्रियांवरील अत्याचाराचं म्हणणं मांडलं, आणि परत आल्यावर पुरावा देता येईना म्हणून माफी मागावी लागली. तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना तर खटला न चालवताच कैदेत टाकलं. मला गोखल्यांच्या माफीची गोष्ट नेहमी त्रास देते. माफी त्यांनी मागितली, पण त्या दोघी खोट्या ठरल्या.

बरं, हे सगळं साहेबावर ढकलून मोकळं होता येत नाही. आपलीही वर्गवारी होतीच. हडपसरला ससाणे मळ्यात डॉक्टर यशवंत फुल्यांचा दवाखाना होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे नेलं, असं सांगतात. ज्याला शिवायला लोक कचरत, त्याला पाठीवर! त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडला विसरायला नको, पण शाळेत ही गोष्ट त्याच्याच धड्यात का नव्हती, कोण जाणे.

आमच्या पणजीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, वय असेल दहा-अकरा. बुधवारातल्या वाड्यात कुणाला ताप आला की त्याला कणगीमागे झोपवत, असं आजी तिच्याकडून ऐकलेलं सांगायची. सोजीर कधी आले, काय बघितलं, हे विचारलं की पणजी पोथी उघडून बसायची. फक्त म्हातारपणीसुद्धा, कडी वाजली की स्वतः कधी उठायची नाही. "बघा गं कोण आहे ते," म्हणायची, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची.

भाचीला हे अजून सांगितलेलं नाही.