बूलीय तर्कशास्त्र आणि औषध-सुरक्षाविषयक माहितीचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
औषधाच्या दुष्परिणामाची नोंद असणे आणि ती शोधणाऱ्याच्या हाती लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांना जोडणाऱ्या ‘अँड’, ‘ऑर’ व ‘नॉट’ या बूलीय शब्दांचा ऐतिहासिक वेध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तार्किक पाया :
जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांनी १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील ग्रंथात वर्गांचे बीजगणित मांडले. मात्र त्यांची बेरीज समाईक घटक नसलेल्या वर्गांपुरतीच होती. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६४ मध्ये ‘किंवा’ला समावेशक अर्थ दिला. आजचा ‘ऑर’ याच अर्थाचा आहे. म्हणूनच ‘पॅरासिटामॉल ऑर अ‍ॅसिटअमिनोफेन’ असे लिहिल्यास एकाच औषधाच्या दोन्ही नावांच्या नोंदी मिळतात.

नोंदींची व्यवस्था :
१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. तोपर्यंत हजारो बालके व्यंगासह जन्मली होती. या आघातानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये दहा देशांसह औषध-निरीक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचे कामकाज १९७८ पासून स्वीडनमधील उप्साला येथून चालते. दरम्यान अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही संगणकीय शोधप्रणाली कार्यान्वित केली होती. भारतात औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला.

मर्यादा :
थॅलिडोमाइडचे उदाहरण येथे बोलके ठरते. औषध मातेने घेतले, व्यंग बालकात दिसले. औषधाची नोंद मातेच्या कागदावर आणि व्यंगाची बालकाच्या कागदावर राहिली, तर ‘अँड’ त्यांना जोडू शकत नाही. कारण तो एकाच नोंदीतील शब्द जुळवितो. ‘नॉट’ त्याहून धोक्याचा आहे. प्रौढांपुरता शोध घेताना ‘नॉट बालक’ असे लिहिल्यास माता व बालक या दोघांचा उल्लेख असलेली नोंदही वगळली जाते.

निष्कर्ष :
शोधात काही न सापडणे हा औषध निर्धोक असल्याचा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे, अनेक नोंदी सापडल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. औषध घेणाऱ्यांची एकूण संख्या अशा नोंदींतून कळत नसल्याने दुष्परिणामाचे प्रमाणही काढता येत नाही. म्हणून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी निष्कर्षासोबत आपले शोधसूत्र व शोधाची तारीख नोंदविणे अगत्याचे आहे. त्यामुळे काय सापडले याबरोबरच काय निसटले असावे, हेही इतरांना तपासता येईल.