वाल, नीरा आणि कमलाबाई



वाल करायचे म्हटलं की आपण आदल्या दिवशी भिजत घालतो, उपसून फडक्यात बांधतो, मोड आले की गरम पाण्यात टाकून सोलतो आणि चांगले मऊ होईपर्यंत शिजवतो. कच्चट वाल ताटात आले तर घरातली म्हातारी माणसं बोलणारच. का बोलता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पोटाला बाधतात."

१९५५ साली 'नेचर' नावाच्या इंग्लंडमधल्या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकात एक छोटासा लेख छापून आला. तो या वालांवरच होता, आणि सोबत डबल बी. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एक द्रव्य असतं, त्याला ट्रिप्सिन म्हणतात. कच्च्या वालात या ट्रिप्सिनला अडवणारा एक पदार्थ असतो. तो वालातून वेगळा काढून, शुद्ध करून, त्याचे स्फटिक मिळवले, असं त्या लेखात होतं. अशा पदार्थांचा जोर उष्णतेने बराचसा मोडतो. म्हणजे आपल्या आज्या चुलीवर करत होत्या ते बरोबरच होतं, फक्त आत काय घडतं ते कुणीतरी प्रयोगशाळेत बसून बघायला हवं होतं. ते मुंबईत एका मराठी बाईंनी बघितलं. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्याच दुर्गाबाई. त्यांचं नाव पुष्कळांना माहीत असतं, कमलाबाईंचं नसतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आज तिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतात. मुलीनेही तिथेच जायचं हे घरात जवळजवळ ठरलेलंच होतं.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. बंगळुरूला अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल मिळालं होतं, देशभर नाव होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की आमच्या संस्थेत मुलींना घेत नाही. गुण कमी नव्हते, कागद अपुरा नव्हता, फी थकली नव्हती. मुलगी होती, एवढंच कारण.

कमलाबाई वडिलांबरोबर बंगळुरूला गेल्या आणि समोर उभं राहून कारण विचारलं. गांधीजींचा काळ होता. प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून त्यांनी सत्याग्रहच मांडला. शेवटी रामन यांनी घेतलं, पण अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं, ते पार पडल्यावरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि तिसरी अट म्हणजे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. ही तिसरी अट पुन्हा एकदा वाचा. लक्ष पुरुषांचं जाणार आणि जबाबदारी हिची! आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बाया आधी हसल्या, मग दोघीतिघी म्हणाल्या, आमच्याकडे यात्रेला जायचं म्हटलं तरी हेच ऐकवतात.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान त्या विसरल्या नाहीत, म्हातारपणीसुद्धा त्यांनी तो बोलून दाखवला. पण त्या वेळी काम हातात घेणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. आम्हाला विचाराल तर रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते आणि या एका बाबतीत फार लहान वागले, दोन्ही गोष्टी सोबतच सांगाव्या लागतात. मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण हातचं न राखता शिकवणारे. त्यांच्याकडे कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांनी प्रवेश पक्का केला आणि पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. १९३६ साली त्या काळातल्या पद्धतीप्रमाणे मुंबई विद्यापीठाची एमएस्सी विशेष प्राविण्यासह मिळाली.

तिथून त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. प्रयोगशाळा होती सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. तिथे जागाच शिल्लक नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञांनी आपलं टेबल दिवसा त्यांना वापरायला दिलं. बंगळुरूला जागा होती आणि येऊ देत नव्हते, इथे जागा नव्हती तरी सरकून बसले. पुढे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की सायटोक्रोम सी नावाचा पदार्थ वनस्पतींच्या पेशीतही असतो. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातून शक्ती मोकळी करते, त्या कामात हा पदार्थ लागतो. या शोधावर त्यांनी चौदा महिन्यांत, फक्त चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि १९३९ साली पीएचडी मिळवली.

विज्ञानात पीएचडी झालेली पहिली भारतीय स्त्री, असं कमलाबाईंबद्दल बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. पदवीचं नाव वेगळं, म्हणून वाद घालता येतो. आपण कशाला एकीला मोठं करायला दुसरीला विसरायचं?

कमलाबाई लगेच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नवीन होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली लग्न झालं, यजमान मुंबईचे, म्हणून कुन्नूर सोडलं. इथे पुष्कळ बायकांची वाट संपते. नशिबाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला आणि त्या तिथे प्राध्यापक झाल्या. वालाचं काम तिथलंच.

नीरेचं कामही तिथलंच. नीरा म्हणजे आपली भोरची नदी नव्हे हं! ताडा-माडाचा ताजा गोड रस. भल्या पहाटे उतरवलेला, उन्हं चढली की आंबून त्याची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरा तपासायला घेतली. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे, आणि ताडगुळातही त्यातलं बरंच टिकतं, असं त्यांना आढळलं. आदिवासी भागातल्या अशक्त मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिली तेव्हा त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आम्हाला यात आवडलं ते असं की केंब्रिजहून आलेल्या बाईंनी संशोधनाला विषय घेतले ते डाळी, तांदूळ, ताडगूळ, म्हणजे गरिबाच्या घरात जे असतं ते.

त्याच संस्थेच्या पुढे त्या संचालक झाल्या. मात्र ती नेमणूक चार वर्षं लांबली. १९३३ साली बाई म्हणून दारात अडवलं, तीस वर्षांनी खुर्चीपाशी अडवलं. निवृत्तीनंतरही बसून राहिल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. तिच्या स्थापनेपासून कमलाबाई होत्या, अन्नातल्या भेसळीवर तिच्या 'कीमत' या मासिकात लिहीत होत्या, नंतर अध्यक्षही झाल्या. आपल्यातल्या ज्या गटांचे हळद-मसाल्याचे उद्योग आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावं. १९९८ साली दिल्लीत सत्काराच्या कार्यक्रमातच त्यांना भोवळ आली आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

पुण्याच्या कमल रणदिवे यांचंही थोडं सांगायला हवं. १९१७ चा जन्म, हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये कॉलेज. वडील त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमलताईंनी एमएस्सी केली ती लग्नानंतर, आणि १९४९ साली मुंबईत कर्करोगावर पीएचडी. पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवायची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. १९७३ साली त्यांनी काही जणींबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. त्या संघटनेने वाशीला काय बांधलं? नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आणि पाळणाघर. मुलगी कुठे राहणार आणि लेकराला कोण बघणार, हे दोन प्रश्न सुटले नाहीत तर मोठमोठी यंत्रं घेऊन काय करायचं, हे त्यांना कळत होतं.

हे सगळं आज सांगायचं कारण आपल्या मार्गासनीतलंच आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी रसायनशास्त्रात बीएस्सी झाली. रोज मार्गासनीहून नसरापूर, चेलाडी करत पुण्याला जाऊन शिकली. आता एमएस्सी आणि मग पीएचडी म्हणते. गटाकडे कर्जाचा अर्ज आलाय. बैठकीत प्रश्न आला की आणखी सात-आठ वर्षं शिकतच बसणार का, आणि एवढा पैसा कुठून आणायचा. प्रश्न चुकीचा नाही. तेव्हा आम्ही चौकशी केली. खर्च मुख्यतः एमएस्सीच्या दोन वर्षांचा आहे, त्यातही फीपेक्षा राहण्या-जेवणाचा जास्त. त्यानंतर सीएसआयआर-नेट नावाची परीक्षा असते. त्यात शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना विद्यार्थिनीलाच दरमहा पैसे मिळतात, २०२३ पासून सुरुवातीला ३७,००० रुपये. परीक्षा अवघड आहे, सगळ्यांना जमत नाही, हेही खरं. पण पीएचडी म्हणजे बापाने घरून पैसे पुरवायचे, असा आपला समज होता, तो तेवढा खरा नाही.

हे ऐकल्यावर ज्या ताईंचा विरोध होता त्यांनीच विचारलं की हप्ता एमएस्सी संपेपर्यंत थांबवता येईल का, तोवर फक्त व्याज घेतलं तर? नियमांच्या वहीत शेळी, शिलाई मशीन, आजारपण, लग्न यांची कलमं आहेत. शिक्षणाच्या कर्जाला वेगळी मुदत कुठे लिहिलेली नाही. पुढच्या बैठकीत ते कलम घालायचं ठरलंय. किती महिन्यांची सवलत द्यायची, यावर अजून एकमत झालेलं नाही.